फिलाडेल्फियातले तीन हिवाळे

तो फोटो तुम्ही पाहिलाय. दर ८ मार्चला कुणाच्या ना कुणाच्या स्टेटसला असतोच. शेजारी शेजारी तीन तरुणी, एक साडीत, एक जपानी किमोनोत आणि एक सीरियन पोशाखात. साडीतल्या आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी. सोबतच्या दोघी म्हणजे जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबुली. तिघीही फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी.

फोटोखाली लोक लिहितात ते सगळं बरोबरच असतं. पहिली महिला डॉक्टर, सातासमुद्रापार, जिद्द वगैरे. पण फोटोची तारीख कुणी बघत नाही. १० ऑक्टोबर १८८५. म्हणजे तिथे दिवस आधीच साडेअकरा तासांच्या आत आलेला, झाडांची पानं गळायला लागलेली, आणि आनंदीबाईंचा अमेरिकेतला तिसरा हिवाळा दाराशी उभा. आधीचे दोन त्यांनी काढले होते. आपल्याकडे त्यांच्या डिग्रीची गोष्ट सांगतात, त्या हिवाळ्यांची फारशी सांगत नाहीत. खरं तर ती डिग्री त्या हिवाळ्यांतच मिळवलेली आहे.

आधी थोडा हिशोब. २१-२२ डिसेंबर हा आपला सर्वांत लहान दिवस. त्या दिवशी वाशिममध्ये सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो आणि पावणेसहा वाजून गेल्यावर मावळतो. जवळपास ११ तास उजेड. आपल्याला हिवाळा म्हणजे काय, तर सकाळी स्वेटर, संध्याकाळी शेकोटी आणि दुपारी चक्क ऊन लागतं म्हणून सावली शोधायची. फिलाडेल्फियात त्याच दिवशी सूर्य ७ वाजून १९ मिनिटांच्या सुमारास उगवतो आणि ४ वाजून ३८ मिनिटांच्या सुमारास गायब. उजेड सव्वानऊ तासांच्या आसपास. आणि जो मिळतो तोही तिरपा. वाशिमला त्या दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४६ अंशांवर असतो, फिलाडेल्फियात जेमतेम २६-२७ अंशांवर. म्हणजे आपल्याकडे सकाळी नऊ-साडेनऊला जसं ऊन असतं, तसं तिथे बारा वाजता.

हे ऐकायला फार वाटत नाही. पण ज्या मुलीचं आयुष्य कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज आणि बंगाल इथल्या उन्हात गेलं, तिच्या शरीराला हे नवीन होतं.

उन्हातलं वचन

आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५, कल्याणच्या जोशी घराण्यातला. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव जोशी, टपाल खात्यात कारकून, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. चौदाव्या वर्षी बाळ झालं, ते दहा दिवसांत गेलं. बाळाला नीट उपचार मिळाले नाहीत ही बोच त्यांच्या मनात राहिली आणि डॉक्टर व्हायचं तिथून ठरलं, हे शाळेच्या पुस्तकातही आहे, त्यामुळे इथे लांबवत नाही.

गोपाळरावांबद्दल मात्र एक वाक्य लिहावंसं वाटतं. बायकोला शिकवायचंच या हट्टापायी त्यांनी समाजाशी भांडण घेतलं, आणि त्याच हट्टापायी बायकोला मारलंही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याशी पत्रव्यवहार केला, तो अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते मासिक दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना वाचलं. त्यांनी पत्र पाठवलं आणि हळूहळू त्या आनंदीबाईंच्या मावशी झाल्या.

अमेरिकेला निघण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण केलं. वय सतरा. एक ब्राह्मण बाई नवऱ्याशिवाय समुद्र ओलांडणार म्हणून लोक खवळलेले होते. आनंदीबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. रीतिरिवाज, खाणंपिणं, पोशाख, यातलं काही बदलणार नाही.

हे वचन फेब्रुवारीच्या बंगालमध्ये दिलेलं होतं. तिथे नऊवारी साडी आणि वरणभात पाळणं कठीण नाही. खरी परीक्षा हवेची होणार होती आणि ती त्या सभागृहात कुणाच्याच ध्यानात असायचं कारण नव्हतं. लोकांना भीती धर्माची होती, थंडीची नाही.

एप्रिलमध्ये कलकत्त्याहून जहाज निघालं, ४ जून १८८३ ला न्यू यॉर्कला पोचलं. जून म्हणजे तिथला सर्वांत मोठ्या दिवसांचा महिना, उजेड पंधरा तासांचा. आपल्या वाशिमच्या मोठ्यात मोठ्या दिवसापेक्षाही दीड-पावणेदोन तास जास्त. रोझेलला कार्पेंटर मावशींच्या घरी तो सगळा उन्हाळा गेला. अमेरिकेची पहिली ओळख अशी लख्ख उजेडात झाली.

मग दिवस आकसायला लागले. आपल्याकडे सप्टेंबर ते डिसेंबर दिवस रोज मिनिटभरानेही कमी होत नाही, त्यामुळे ते जाणवतच नाही. फिलाडेल्फियात त्या काळात रोज दोन-अडीच मिनिटं जातात. आठवड्याला पंधरा मिनिटं. मागच्या महिन्यात ज्या वेळेला खिडकीत बसून वाचता येत होतं, त्या वेळेला आता दिवा लावावा लागतो.

डॉक्टरकीचं सत्रच हिवाळ्यातलं

ऑक्टोबर १८८३ मध्ये आनंदीबाई विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात दाखल झाल्या. १८५० साली सुरू झालेलं, फक्त बायकांना डॉक्टर करणारं हे जगातल्या पहिल्या कॉलेजांपैकी एक. डीन होत्या रेचल बॉडली. त्यांनी तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली आणि सुरुवातीला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं.

इथे एक गोष्ट वाचून मी थांबलेच. त्या काळी अमेरिकेतल्या वैद्यकीय कॉलेजांचं मुख्य सत्र मुद्दाम हिवाळ्यात असायचं. ऑक्टोबरला सुरू, मार्चमध्ये पदवीदान. कारण साधं आहे. शरीररचना शिकायची तर मृतदेहाचं विच्छेदन करावं लागतं, आणि शीतगृह नसताना उन्हाळ्यात मृतदेह टिकत नाही. म्हणून थंडीत विच्छेदन.

म्हणजे बघा, ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत फिलाडेल्फियात एकही दिवस रात्रीएवढा मोठा नसतो. आनंदीबाईंचं सगळं मुख्य शिक्षण, तीनही वर्षं, वर्षाच्या त्या अंधाऱ्या अर्ध्या भागातच झालं. उजेडाचे महिने आले की सत्र संपलेलं असायचं.

आणि हा अंधार आजच्यासारखा बटण दाबून जाणारा नव्हता. एडिसनचा बल्ब १८७९ चा, न्यू यॉर्कमध्ये विजेचं पहिलं मोठं केंद्र सुरू झालं १८८२ ला. सर्वसामान्य घरात अजून गॅसचे आणि रॉकेलचे दिवेच होते. सूक्ष्मदर्शकालाही खालचा आरसा फिरवून खिडकीतून येणारा उजेड पकडायचा, नाहीतर दिव्याजवळ धरायचं. साडेचारनंतर डोळ्यांचं सगळं काम दिव्यावर.

त्यातच आनंदीबाईंचा पहिला हिवाळा निसर्गानेही वेगळा काढला. २७ ऑगस्ट १८८३ ला इंडोनेशियात क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याचे सूक्ष्म कण वरच्या वातावरणात पसरून जगभर फिरले. नोव्हेंबरच्या अखेरीस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचं आकाश इतकं लालभडक व्हायला लागलं की न्यू यॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावात कुठेतरी मोठी आग लागली समजून अग्निशमन दलाला बोलावलं गेलं. (पोकिप्सी हे नाव लक्षात ठेवा.) सूर्याचा थोडा उजेड त्या कणांनी अडवला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे ०.४ अंशांनी उतरलं. उन्हाची सवय असलेली मुलगी नेमकी याच वर्षी तिथे पोचली होती.

धूर की थंडी

राहायला मिळालेल्या खोलीची शेकोटी नीट नव्हती. पेटवली की धूर खोलीतच कोंडायचा, विझवली की थंडी. दोन्हीपैकी एक निवडायचं. जानेवारीत फिलाडेल्फियाचं सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास असतं, म्हणजे रात्री बरेचदा त्याच्याही खाली. खिडकी उघडून धूर काढला तर शेकोटीचा उपयोग काय? आपल्याकडे हॉस्टेलचा गिझर बंद पडला तर ग्रुपवर वीस मेसेज पडतात. इथे सगळी रात्र धुरात अभ्यास करायचा.

मग साडी. नऊवारी काष्ट्याची साडी आपल्या हवेला, आपल्या कामाला बरोबर आहे, पण तिच्यात पोटऱ्या उघड्या राहतात. बर्फात ते कसं चालणार? अमेरिकन बायकांसारखा गाऊन घातला असता तर प्रश्न मिटला असता, पण सेरामपूरचं वचन होतं. आनंदीबाईंनी मधला मार्ग काढला. गुजराती पद्धतीने साडी नेसायला लागल्या, म्हणजे पाय घोट्यापर्यंत झाकले जातील. आज हा बदल चिमूटभर वाटेल. पण गोपाळरावांना हे कसं सांगायचं, ते काय म्हणतील, याचंही त्यांना दडपण होतं. नवरा हजारो मैलांवर, पत्र पोचायला आठवडे लागायचे, तरी साडी कशी नेसावी यात नवऱ्याच्या मताची धास्ती होती. मला ही गोष्ट बर्फापेक्षा जास्त टोचली.

जेवण शाकाहारीच ठेवलं. आणि इथे कमी उन्हाचा प्रश्न वेगळ्या बाजूने येतो, जो त्या काळात कुणालाच माहीत नव्हता.

आपलं शरीर ड जीवनसत्त्व मुख्यतः त्वचेवर पडणाऱ्या उन्हातल्या अतिनील किरणांपासून बनवतं. सूर्य फार तिरपा असला की हे किरण वातावरणातच अडतात. अमेरिकेत बोस्टनला, म्हणजे फिलाडेल्फियाच्या थोडं उत्तरेला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्वचेत हे जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही, असं १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. फिलाडेल्फियाची परिस्थिती त्याहून फार बरी नाही. सावळ्या त्वचेला तर त्यासाठी आणखी जास्त ऊन लागतं. दुसरा मार्ग म्हणजे मासे, माशाचं तेल, अंडी. ते आनंदीबाईंच्या ताटात नव्हतं. अमेरिकेत दुधात ड जीवनसत्त्व घालायला सुरुवात झाली १९३० च्या दशकात आणि या जीवनसत्त्वाला नावच मिळालं १९२२ साली. म्हणजे त्यांच्या शरीरात जे कमी पडत असणार, त्याला त्या काळच्या एकाही डॉक्टरकडे शब्द नव्हता.

लहान दिवसांत मन मिटतं, झोप वाढते, कशातच रस वाटत नाही, यालाही वैद्यकीय नाव मिळालं ते १९८४ ला. नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डरचं वर्णन केलं, त्यावर सकाळी १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसायचा उपचार आला. आनंदीबाईंना हा आजार होता असं मी म्हणत नाही. मेलेल्या माणसाला मागाहून आजार चिकटवू नयेत. पण एकटेपण, अंधार, धूर आणि परक्या भाषेतला अभ्यास हे एकत्र आलं की काय होतं, ते आज रशियात एमबीबीएसला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांना विचारा. कझानला डिसेंबरात दिवस सात तासांचा असतो, अर्खांगेल्स्कला तर चार तासांच्या आसपास. आपल्या ओळखीत कुणी तिकडे निघालं असेल तर जॅकेटसोबत डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आणि उजेड असेल त्या तासात रोज बाहेर पडायचं, एवढं नक्की सांगा. जाड जॅकेटची आठवण सगळेच करतात.

दोष कुणाचा

१८८५ मध्ये गोपाळरावही अमेरिकेला पोचले. सोबत आली म्हणून आनंदीबाईंचं सोपं झालं, असं काही झालं नाही. तोवर ताप, खोकला, थकवा सुरू होता. तरी तिसरं वर्षही त्यांनी पुरं केलं. प्रबंधाचा विषय घेतला हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. ११ मार्च १८८६ ला एम.डी. ही पदवी मिळाली. समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. बॉडलीबाईंनी ही बातमी व्हिक्टोरिया राणीपर्यंत पोचवली आणि राणीचा अभिनंदनाचा निरोप आला. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या, म्हणून पहिली कोण यावर वाद घालणाऱ्यांनी तो घालत बसावा.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाच्या प्रमुखपदी आनंदीबाईंची नेमणूक केली. आजचं सीपीआर हॉस्पिटल ते हेच. पण तब्येत खचत गेली. क्षय होता.

आपल्याकडे सर्रास म्हणतात, अमेरिकेच्या थंडीने आनंदीबाईंना मारलं. मला हे अर्धवट वाटतं. क्षय जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉखने तो जंतू दाखवला मार्च १८८२ मध्ये, आनंदीबाई निघायच्या वर्षभर आधी. शिवाय कलकत्त्यात असतानाच त्यांना अशक्तपणा, सतत डोकेदुखी, मधूनच ताप, कधी धाप असं होत होतं. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेतून औषधं पाठवली होती, त्यांचा गुण आला नव्हता. म्हणजे शरीर आधीच कुरकुरत होतं. दुसरं, आनंदीबाईंपेक्षा काही महिन्यांनीच मोठ्या असलेल्या मुंबईच्या रखमाबाई १८८९ ला लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्या. लंडनचा डिसेंबरातला दिवस आठ तासांचाही नसतो. त्यांनी तिथले हिवाळे काढले, १८९४ ला परत आल्या, सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं रुग्ण तपासले आणि १९५५ पर्यंत जगल्या. नव्वद वर्षं. नुसता हिवाळा जीव घेत असता तर हे झालं नसतं.

पण हिवाळ्याला पूर्ण निर्दोषही सोडता येत नाही. थंडीत खिडक्या बंद, माणसं कोंदट खोलीत एकत्र, हवा खेळत नाही, आणि क्षय पसरतो तो अशाच हवेतून. थेट ऊन पडलं की क्षयाचे जंतू मरतात, हे कॉखनेच १८९० मध्ये सांगितलं. पुढे डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा करण्यासाठी १९०३ चं नोबेल मिळालं आणि स्वित्झर्लंडच्या डोंगरात रुग्णांना उन्हात झोपवणारी आरोग्यधामं निघाली. ड जीवनसत्त्व रोगप्रतिकाराला लागतं, हेही आता माहीत आहे. मात्र नुसत्या त्याच्या गोळ्या देऊन क्षय टळतो, असं अलीकडच्या मोठ्या चाचणीत दिसलं नाही. आधीच कमजोर प्रकृती, धुराची खोली, अपुरं ऊन, तुटपुंजं खाणं, त्यावर रात्रीचा अभ्यास. यातलं एकेक सुटं काढून कारण म्हणून दाखवता येणार नाही. क्षयावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला अजून जवळपास साठ वर्षं होती. म्हणून आनंदीबाई पुण्यातच राहिल्या असत्या तर वाचल्या असत्या, हेही कुणी छातीठोक सांगू नये. त्या काळी क्षयाने पुण्यातही माणसं जातच होती.

ऑक्टोबर १८८६ मध्ये आनंदीबाई न्यू यॉर्कहून निघाल्या, नोव्हेंबरच्या मध्यात मुंबईला उतरल्या. चौथा अमेरिकन हिवाळा टळला. पुण्यात आणलं तेव्हा ऊन होतं, मोकळी हवा होती, माहेरची माणसं होती. ज्या गावाने नावं ठेवली, ते गाव आता भेटायला यायला लागलं. पण उशीर झाला होता. कोल्हापूरचं पद त्यांना सांभाळता आलंच नाही. एकही दिवस नाही.

२६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात आनंदीबाई गेल्या. सेरामपूरच्या भाषणाला चार वर्षं आणि दोन दिवस झाले होते. बाविसावा वाढदिवस तेहतीस दिवसांवर होता. मी आता बावीसची आहे, पहिली इंटर्नशिप करतेय, त्यामुळे हा आकडा लिहिताना हात जरा अडखळला, इतकंच.

ते वचन मोडलं का, असं कुणी विचारलं तर साडीची नेसण बदलली होती, एवढाच फरक सापडतो.

आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेला कार्पेंटर मावशींकडे पाठवली. मावशींनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. ती दफनभूमी पोकिप्सीला आहे, १८८३ च्या त्या लाल संध्याकाळी जिथे आगीचा बंब धावला होता तिथे. फिलाडेल्फियाच्याही उत्तरेला. तिथला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस फिलाडेल्फियापेक्षा आणखी दहा-बारा मिनिटांनी लहान असतो.